दार बंद, पूजा चालू : संचारबंदीत काय मागावं, कसं मागावं

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचं छोटं देऊळ आहे. ट्रस्ट नोंदणीकृत आहे, मी सचिव. २०२० मध्ये कित्येक महिने दार बंद होतं. नंतर मार्च २०२५ च्या दंगलीनंतरच्या संचारबंदीत आमचे गुरुजी नंदनवनहून येऊच शकले नाहीत, दोन दिवस देवाला पाणी नाही. पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीत तेव्हा रमजान सुरू होता, त्यांच्या कमिटीचेही तेच हाल झाले. कोणीतरी येऊन 'सगळं बंद' असं तोंडी सांगून गेलं, कागद काही दिला नाही जी. सरकार खरंच पूजा बंद करू शकतं का? पुन्हा वेळ आली तर काय तयारी ठेवावी? काही विश्वस्त म्हणतात, थेट हायकोर्टात जाऊ. आणि एक बारीक शंका, इतके दिवस बंद असलेल्या दानपेटीचं काय करायचं?
— एक सचिव, महाल, नागपूर

उत्तर :

सचिवभाऊ,

देवाला दोन दिवस पाणी न मिळणं बहुधा टाळता आलं असतं आणि त्यासाठी हायकोर्टाची पायरी चढायची गरज नव्हती. एका पानाचा अर्ज, गुरुजींचं ओळखपत्र आणि आवक शिक्का एवढ्यावर काम होण्यासारखं होतं. पण तो अर्ज संचारबंदीच्या रात्री लिहायला बसलं की लिहून होत नाही. तो आधीच तयार लागतो.

आधी हक्काचं बघू. राज्यघटनेचं कलम २५ उपासनेचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच वाक्यात ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन असल्याचंही सांगतं. म्हणून दंगलीत किंवा साथीत निर्बंध आले की 'घटना मोडली' अशी ओरड करून हाती काही लागत नाही. बघायचं ते हे, की निर्बंध नेमका कशावर आहे. गर्दी, मिरवणूक, रांग, पंगत यांना आवर घालायला सरकारकडे कारण असतं. बंद दाराआड एका पुजाऱ्याने केलेली पूजा किंवा घरात एकट्याने पढलेली नमाज यांना हात लावायला तसं कारण सहसा सापडत नाही. मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीच्या आदेशातही धार्मिक स्थळं 'लोकांसाठी' बंद, असे शब्द होते. बंद देवळांतली नित्यपूजा नियमात बसत होती ती त्या शब्दामुळे. आदेश हातात आला की सगळ्यात आधी हा शब्द शोधा.

'आणीबाणी' हा शब्द आपण फार सैल वापरतो. घटनेतली आणीबाणी कलम ३५२ ची. तिच्यात राष्ट्रपती कलम ३५९ खाली आदेश काढून, त्यात नावानिशी नमूद केलेल्या मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद करू शकतात. १९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) मात्र त्यातून वगळलेली आहेत. २७ जून १९७५ च्या आदेशात कलम १४ (समानता), २१ आणि २२ (अटकेबाबतचं संरक्षण) होती, २५ नव्हतं. तरीही ४ जुलै १९७५ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, जमाते इस्लामी, आनंद मार्ग यांच्यासह अनेक संघटनांवर बंदी आली, म्हणजे उपासनेचा हक्क कागदावर शाबूत आणि संघटनेच्या दाराला कुलूप. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेला नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार तर म्हणतो, की आणीबाणीतही धर्मस्वातंत्र्य स्थगित करता येत नाही, त्याच्या प्रकटीकरणावर गरजेपुरती मर्यादा तेवढी घालता येते. हे अर्जात लिहायची गरज नाही, वकिलाच्या कामाचं आहे.

तुमच्या वाट्याला आलं ते यातलं काहीच नव्हतं. २०२० मध्ये चालला तो आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि जोडीला १८९७ चा साथरोग कायदा. मार्च २०२५ मध्ये चाललं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुनं १४४. (१ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, तोंडातला १४४ काही जाता जात नाही. निदान अर्जात तरी १६३ लिहा, नाहीतर पहिल्याच ओळीत अर्ज कच्चा दिसतो.) तिसरं हत्यार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७, जमाव आणि मिरवणुकीसाठी.

प्रत्येकाची मुदत आणि दार वेगळं आहे. कलम १६३ चा आदेश दोन महिन्यांच्या पुढे टिकत नाही. राज्य शासन तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. कलम ३७ खालची जमावबंदी शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपुरतीच. नागपूर शहरात हे दोन्ही आदेश पोलीस आयुक्तांकडून निघतात, तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि साथीत महापालिका आयुक्तांचेही आदेश येतात. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, समजा रामटेकला, अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज 'पुढे पाठवला' म्हणत चार दिवस फिरतो, तोवर संचारबंदीच उठते.

मार्च २०२५ चा आदेश पोलीस ठाण्यांच्या हद्दीनुसार होता. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली अशी ठाण्यांची यादीच होती. तो उठलाही टप्प्याटप्प्याने. नंदनवन आणि कपिलनगर आधी मोकळे झाले, पूर्ण शहर २३ मार्चला. म्हणजे एक वेळ अशी होती, की तुमचे गुरुजी घराबाहेर पडायला मोकळे होते आणि देऊळ मात्र बंद हद्दीत होतं. म्हणून सवलत मागताना दोन्ही ठाण्यांची नावं आणि मधला रस्ता लिहावा लागतो. आपल्या देवळाचं ठाणं कोणतं, हे विश्वस्तांना माहीत असतं असं आपण धरून चालतो. जुन्या नागपुरात हद्द गल्लीच्या मधून जाते, एकदा खात्री करून घ्या.

आता तोंडी आदेशाचं. दारावर आलेल्या शिपायाशी कायद्याचा वाद घालू नका. त्याने सांगितलं तर त्या क्षणी दार लावा. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिवाला, आरोग्याला धोका झाला किंवा दंगल झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दार लावल्यावर मात्र वहीत तारीख, वेळ, सांगणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहा आणि त्याच दिवशी ठाण्याला एक चिठ्ठी द्या : 'आज अमुक वाजता तोंडी सूचना मिळाली, तिचं पालन केलं आहे, लेखी आदेशाची प्रत मिळावी.' या तीन ओळींनी पुढची अर्धी लढाई सोपी होते, कारण तुम्ही आदेश पाळणारे आहात हे नोंदीवर येतं. आदेश प्रसिद्ध व्हायलाच हवा, त्यात कारणं हवीत आणि तोच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या काश्मीरसंबंधीच्या निकालात सांगितलेलं आहे. जुन्या १४४ बद्दलचं ते बोलणं १६३ लाही लागू पडावं, कारण मजकूर जवळपास तोच आहे.

अर्जात मागायचं काय, इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. 'आमच्या धार्मिक भावनांचा विचार करून मंदिर उघडण्यास परवानगी द्यावी' या वाक्यावर कोणताही अधिकारी सही करणार नाही, कारण त्यात किती माणसं, किती वेळ, कोणत्या दाराने, काहीच नाही. २०२० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात न्यायालयांसमोर जे आलं त्याकडे बघा. पुरीच्या रथयात्रेला १८ जूनला स्थगिती मिळाली आणि २२ जूनला तीच यात्रा अटींवर मंजूर झाली. एका रथाला ५०० पेक्षा जास्त ओढणारे नकोत, प्रत्येकाची चाचणी झालेली हवी, दोन रथांत एक तासाचं अंतर आणि शहरात संचारबंदी. ऑगस्टमध्ये मुंबईतल्या दादर, भायखळा, चेंबूरच्या तीन जैन मंदिरांना पर्युषणाचे शेवटचे दोन दिवस मिळाले, एका वेळी पाच जण आणि दिवसाला २५० च्या आत. त्याच महिन्यात मोहरमच्या मिरवणुकांना देशभर सरसकट परवानगी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. देशभराचा आदेश काढला तर गोंधळ माजेल आणि एकाच समाजाकडे बोट दाखवलं जाईल, असं न्यायालयाने सांगितलं. पुरीचं प्रकरण एका ठिकाणाहून ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं होतं, हा फरकही दाखवला. मग मुंबई उच्च न्यायालयापुढे एक ट्रक, पाच माणसं, एक ताजिया, ठरलेला एक तास असा विषय आला आणि परवानगी मिळाली.

धर्म वेगवेगळे, मागणीचा साचा एकच. ज्याने आकडा दिला त्याला उत्तर मिळालं.

तुमचा आकडा काढायची रीत सांगतो. टेप घेऊन सभामंडप मोजा. समजा ३० बाय २४ फूट, म्हणजे ७२० चौरस फूट. सहा फुटांचं अंतर ठेवायचं तर एका माणसाला ६ गुणिले ६ म्हणजे ३६ चौरस फूट, मग वीस माणसं. पण खांब, दानपेटी, येण्याजाण्याची वाट यांसाठी एक तृतीयांश जागा सोडा, उरतात तेरा. दहा मिनिटं दर्शन आणि पाच मिनिटं मंडप रिकामा करायला धरली तर तासाला चार तुकड्या, ५२ माणसं. चार तास दार उघडं ठेवलं तर २०८. हा आकडा वर्षातून एकदा काढून नकाशासह ठेवा. जागेच्या मापावरून काढलेला असल्याने तो कोणत्याही साथीत टिकतो. जागा केवढीही असो माणसं ठरावीकच, असा नियम आला तर त्याच्याविरुद्ध हेच गणित पुढे करायचं. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये छोट्या चॅपेललाही तीस आणि भल्यामोठ्या कॅथेड्रललाही तीस अशी मर्यादा होती, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती प्रमाणाबाहेरची ठरवली.

दंगलीच्या संचारबंदीत मात्र हे गणित काढूच नका. तिथे अंतर हा प्रश्नच नसतो, रस्त्यावर माणूस दिसणं हाच प्रश्न असतो. मागणी तीन पायऱ्यांत लिहा, म्हणजे वरची नाकारली तरी खालची उरते. पहिली : एक पुजारी आणि एक सेवेकरी, दोन वेळा. दुसरी : फक्त पुजारी, एकदा. तिसरी : देवळाजवळ राहणाऱ्या एका माणसाला पाच मिनिटं आत जाऊन दिवा-पाणी करू देणे. या तिसऱ्यासाठी जवळचा माणूस आधीच ठरवा आणि त्याच्या नावाचा ठराव करून ठेवा. गुरुजींनाही विचारून घ्या, त्यांच्या गैरहजेरीत कोणी काय करायचं, नाहीतर परवानगी मिळते आणि आतल्या आत सोवळ्याओवळ्याचा वाद उभा राहतो.

मजकूर साधा ठेवा. नमुना असा :

'विषय : कलम १६३ च्या आदेशातून नित्यपूजेपुरती सवलत मिळण्याबाबत. देवळात रोज सकाळी ६.०० ते ६.३० आणि सायंकाळी ६.४५ ते ७.१५ नित्यपूजा होते. आदेश लागू असेपर्यंत या वेळी सोबतच्या यादीतील दोनच व्यक्ती उपस्थित राहतील. पुजारी नंदनवन–जगनाडे चौक–महाल या मार्गे दुचाकीने येतील, वाहन क्रमांक सोबत आहे. मुख्य दार बंद राहील, ध्वनिक्षेपक लावणार नाही, प्रसादवाटप होणार नाही. ही सवलत शक्य नसल्यास खालील पर्यायांपैकी एक मंजूर व्हावा. निर्णय कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.'

'करणार नाही' हा भाग सोडू नका. अधिकाऱ्याची धास्ती तिथेच कमी होते. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ई-मेलही करा, पण शिक्क्याची बरोबरी ई-मेल करत नाही. ठाण्यात दिलात तर त्याची प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांनाही द्या.

सोबत लावायचे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये कायम तयार असू द्या : ट्रस्टच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, धर्मादाय कार्यालयातला विश्वस्तांचा अद्ययावत उतारा, गुरुजी आणि दोन सेवेकऱ्यांची फोटोसह ओळखपत्रं ट्रस्टच्या लेटरहेडवर, मंडपाचा मोजमापाचा नकाशा, नित्यक्रमाचं वेळापत्रक. अडतं बहुधा दुसऱ्या कागदावर. विश्वस्त बदलले आणि तसं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अहवाल दाखलच केला नाही, तर अर्जावर सही करणाऱ्याचं नाव नोंदीत सापडत नाही. मूळ फाईल देवळात ठेवून उपयोग नाही, संचारबंदीत देऊळ हद्दीत आणि तुम्ही हद्दीबाहेर असलात तर? एक संच तुमच्या घरी, एक गुरुजींकडे आणि मोबाइलमध्ये स्कॅन.

मशिदीच्या कमिटीला सोबत घेणार असाल तर जरूर घ्या. दोघांचा अर्ज एकाच दिवशी, एकमेकांचा उल्लेख करून जाऊ द्या. तणावाच्या काळात अधिकाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती 'त्यांना दिली, आम्हाला का नाही' या प्रश्नाची, आणि तुम्ही ती आधीच काढून टाकता. वेळा मात्र आपसात जुळवून घ्या. मार्चमध्ये नागपूरचा सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, म्हणजे इफ्तार-मगरीब आणि तुमची सांजआरती अगदी पाठोपाठ येतात. मशिदीच्या कमिटीने अजान आणि इमाम व मुअज्जिन (अजान देणारा) धरून मोजक्या जणांची जमात, म्हणजे सामूहिक नमाज, मागावी, तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) घरोघरी पढावी. अजानीबद्दल अलाहाबाद उच्च न्यायालयाचा मे २०२० चा निकाल त्यांच्या कामाचा आहे : मशिदीतून एका माणसाने नुसत्या आवाजात दिलेली अजान टाळेबंदीतही रोखता येत नाही, भोंगा मात्र धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तुमच्या घंटेलाही हेच तारतम्य लावा.

परवानगी मिळाल्यावर ती बिघडते कशी? बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर. 'आज सातला आरती आहे, परवानगी मिळाली' एवढा संदेश गेला की दोनाची पन्नास माणसं होतात आणि सही करणारा विश्वस्त अडचणीत येतो. संदेश उलटा लिहा : 'आरती बंद दाराआड होईल, कृपया येऊ नका, फोटो पाठवू.' परवानगीचा कागद ग्रुपवर टाकूच नका.

साथीच्या काळात आणखी एक फसगत होते. केंद्राने ८ जून २०२० पासून धार्मिक स्थळं उघडायला मोकळीक दिली, पण महाराष्ट्रात ती उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत. राज्य केंद्रापेक्षा कडक होऊ शकतं, म्हणून दिल्लीची बातमी ऐकून कुलूप काढायचं नसतं. शेवटचा शब्द आपल्या जिल्ह्याच्या आदेशाचा. तेव्हाच्या केंद्रीय सूचना आजही नमुना म्हणून ठेवण्यासारख्या आहेत : मूर्तीला स्पर्श नाही, तीर्थ-प्रसाद नाही, सामाईक सतरंजी किंवा जानमाज नको, ज्याने त्याने आपलं आणावं, समूहगायनाऐवजी ध्वनिमुद्रित भजन, चप्पल शक्यतो स्वतःच्या गाडीत.

निर्जंतुकीकरणात देवाचंच नुकसान होतं, म्हणून हे जरा सविस्तर. फरशीसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लागतं. बाजारात ५ टक्क्यांचं मिळालं तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. ते पितळी समई, चांदीचा मुखवटा, गाभाऱ्याची जाळी यांवर मारलं की धातू काळा पडतो, झिजतो. धातूला ७० टक्के अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा आणि तेही निरांजन विझल्यावर, कारण अल्कोहोल भडकतं. हाताला सॅनिटायझर लावून लगेच आरतीचं ताट घेऊ नका, हात कोरडे होऊ द्या. फरशीचं ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकाच बादलीत मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. सेवेकऱ्यांना हे स्पष्ट सांगा, कारण दोन्ही बाटल्या एकाच कोपऱ्यात ठेवलेल्या असतात.

विलगीकरणात गेलेल्या भक्ताचं कोणी विचारत नाही. २०२० मध्ये आपल्याकडे आमदार निवासात केंद्र होतं. अशा ठिकाणी एकट्याने केलेली प्रार्थना, जपमाळ, पोथी यांवर निर्बंध घालायला कारण नसतं. अडतं ते जेवणावर. रोजा असेल तर सहरी पहाटे हवी, चातुर्मास असेल तर कांदा-लसूण नको. हे दाखल होतानाच केंद्रप्रमुखाला लिहून द्या, तिसऱ्या दिवशी भांडून काय मिळणार? उदबत्ती-दिवा मात्र ऑक्सिजनच्या जवळपासही नको.

अंत्यविधीबद्दलही लोक घाबरून जास्तीचं सोडून देतात. मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शनात मृताला हात न लावता होणारे विधी, म्हणजे धर्मग्रंथाचं वाचन, पवित्र पाणी शिंपडणं, शेवटचं मुखदर्शन यांना मुभा होती. अंघोळ घालणं, मिठी मारणं यांना मनाई होती. अस्थी गोळा करायलाही हरकत नव्हती. दफनाला बंदी घाला, अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होणं हा कलम २१ चा भाग मानला.

पुराचं संकट वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ऐन गणेशोत्सव होता. अशा वेळी प्रशासन मंदिराचा हॉल निवाऱ्यासाठी ताब्यात घेऊ शकतं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ मध्ये तो अधिकार आहे आणि कलम ६६ मध्ये मोबदल्याची तरतूद आहे. नाही म्हणू नका. मंडप, स्वयंपाकघर, संडास द्या, गाभाऱ्याला कुलूप ठेवा. देताना भांडी, पंखे, सतरंज्या यांची यादी करून सही घ्या आणि मोबाइलवर चित्रण करा. परत घेताना हीच यादी कामाला येते.

आता हायकोर्ट. तिथे जायला हरकत नाही, पण शेवटी. कलम १६३ च्या आदेशाने अडचण झालेला कोणीही तो रद्द करा किंवा बदला, असा अर्ज आदेश काढणाऱ्याकडेच करू शकतो. अर्ज आला की लवकर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि फेटाळला तर कारणं लिहावी लागतात. आदेशाची मुदत राज्य शासनाने वाढवली असेल तर शासनाकडेही दाद मागता येते. हे करून झाल्यावर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात याचिका, सोबत शिक्क्याच्या प्रती. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या आदेशाला खालच्या दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही, कलम ७१ ने ती वाट बंद आहे, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, आपत्तीग्रस्त आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक मोफत मदतीला पात्र आहेत. ट्रस्ट म्हणून अडलं तर पात्र असलेला भक्त स्वतःच्या नावाने जाऊ शकतो.

सणासाठी परवानगी हवी असेल तर पंधरा दिवस आधी अर्ज द्या. वर सांगितलेली जैन मंदिरं कोर्टातून परवानगी घेऊन आली तेव्हा पर्युषणाचे दोनच दिवस उरले होते.

आणि गुन्हा दाखल झालाच तर घाबरून कबुली लिहून देऊ नका. कलम २२३ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवर घेऊ शकतं, हा मुद्दा वकिलाला दाखवा. सप्टेंबर २०२० मध्ये नागपूर खंडपीठाने तबलिगी जमात या इस्लामी धर्मप्रचारक चळवळीतल्या म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. त्यांनी धर्मप्रसार केल्याचा किंवा संसर्ग पसरवल्याचा पुरावा नव्हता, कुराण आणि नमाज पढणं एवढंच समोर होतं.

राहिली दानपेटी. बंद काळात एकट्याने उघडू नका, चांगल्या हेतूनेही नाही. ओल लागून नोटा चिकटतील अशी भीती असेल तर पेटी न उघडता कोरड्या जागी हलवा आणि हलवल्याची नोंद दोन सह्यांनी करा. दार उघडल्यावर दोन विश्वस्त, गुरुजी आणि बाहेरचे दोन पंच यांच्यासमोर कुलूप काढा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसलग चित्रण करा. नोटा मूल्यानुसार वेगळ्या मोजा, चिकटलेल्या नोटा ओढू नका, पंख्याखाली वाळवून सुट्या करा. फाटक्या नोटा वेगळ्या पाकिटात, बँक त्या बदलून देते. पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या आणि दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम बँकेत. पंचांमधला एक मशिदीच्या कमिटीतला घेतलात तरी चालेल.